डिंक, खळ, ग्लू आणि नाशिकची द्राक्षपेटी

१ जुलै २०२२ पासून देशभर बंद झालेल्या एकल-वापर प्लास्टिक वस्तूंची यादी बहुतेकांनी स्ट्रॉ, चमचे आणि थर्माकोलपर्यंत वाचली आणि सोडून दिली. त्याच यादीत आणखी एक नोंद आहे : मिठाईचे डबे, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटं यांच्याभोवती गुंडाळायची प्लास्टिक फिल्म. एका ओळीत तीन वस्तू, आणि तिन्हींवर दिसायला एकच फिल्म. पण ती तिथे काय करत होती? मिठाईच्या डब्यावर ती झाकण दाबून ठेवते आणि डबा मध्ये कुणी उघडला नाही याची खात्री देते. सिगारेटच्या पाकिटावर ती बाहेरचा दमटपणा आत जाऊ देत नाही. आणि पत्रिकेवर? पत्रिकेवर ती चकाकते, बाकी काही नाही.

पहिलं काम गोंदाचा एक ठिपका करू शकतो. दुसरं गोंदाला जमत नाही. तिसरं कुणीच केलं नाही तरी चालेल. पॅकेजिंगमधलं प्लास्टिक कमी करायला औद्योगिक चिकटद्रव्यं कितपत उपयोगी पडतील, या प्रश्नाचं जवळजवळ सगळं उत्तर या फरकात आहे, असं मला वाटतं. या लेखात मी तो फरक इतिहासातून बघणार आहे, कारण प्लास्टिक येण्याआधी वस्तू कशा बांधल्या जात आणि प्लास्टिक नेमकं कुठल्या दारातून आत आलं हे कळलं, की ते कुठल्या दारातून बाहेर जाऊ शकेल याचा अंदाज येतो.

आपल्याकडे चिकटवण्याची साधनं कमी नव्हती. पिठाची खळ घरोघरी शिजवली जायची. बाइंडिंगवाले त्यात मोरचूद टाकायचे, म्हणजे किडे आणि बुरशी लागत नाही. बाभळीचा आणि धावड्याचा डिंक होता, त्यातला चांगला लाडवांत जायचा आणि राहिलेला बाटलीत. सुतारांकडे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस असायचा, तो गरम करून लावायचा आणि त्याचा वास सहन करायचा. मोहोर करायला लाख होती. तरीही किराणा दुकानात वाणी पुडी बांधायचा ती दोऱ्याने. पत्रावळीला काड्या टोचायच्या. म्हणजे चिकटवणं हा बांधण्याचा एक मार्ग होता, एकमेव नव्हे. खळीला दोन गोष्टींनी मागे ठेवलं : ती वाळायला वेळ लागतो, आणि पाणी लागलं की ती सुटते. पुढच्या दोनशे वर्षांतला चिकटद्रव्यांचा इतिहास म्हणजे या दोन तक्रारींवर शोधलेले उपाय, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

नाशिककरांना याचं एक उदाहरण अगदी घराजवळ आहे. पोस्टाचं तिकीट. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं तिकीट निघालं तेव्हा त्यामागच्या गोंदाला अधिकृतपणे ‘सिमेंट’ म्हणत, आणि तो मुख्यतः स्टार्चपासून केलेला असे. आपल्याकडे १८५४ मध्ये कलकत्त्यात शिळाछापावर छापलेली तिकिटं मात्र गोंदाशिवायच विकली गेली; ज्याने त्याने आपापली चिकटवायची. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षं भारताची तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून यायची. १९२५ च्या सुमारास हे काम नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसकडे आलं. १९३१ मध्ये नवी दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त निघालेली तिकिटंही तिथेच छापली गेली.

तिकिटामागच्या गोंदाकडून काय अपेक्षा असते बघा. महिनोन्‌महिने कोरडा पडून राहायचं, थप्पीत एकमेकांना चिकटायचं नाही, आणि ओल्या बोटाचा स्पर्श झाला की काही सेकंदांत जागं व्हायचं. कोरड्या हवेत तो आक्रसून कागद वळवतो, पावसाळ्यात सगळा ताव एकजीव होतो. ज्यांनी जुलैत पाकिटात ठेवलेली तिकिटं सोडवायचा प्रयत्न केलाय, त्यांना हे सांगायची गरज नाही. पाण्याने जागा होणारा गोंद हे तत्त्व लक्षात ठेवा. क्राफ्ट कागदाच्या पट्टीवर स्टार्चचा गोंद लावून केलेली, ओली करून खोक्यावर लावायची टेप याच तत्त्वावर चालते. सेलोटेपच्या पिढीच्या आधी खोकी अशाच टेपने बंद होत.

खोक्यांकडे येऊ. नालीदार कागदाचं पेटंट १८७१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट जोन्सने घेतलं. बाटल्या आणि काचेच्या चिमण्या गुंडाळायला. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँगने त्याच्या नागमोडी थराला सपाट कागद चिकटवला आणि आजच्या कोरुगेटेड बोर्डची सुरुवात झाली. या सगळ्या रचनेची ताकद कागदात कमी आणि जोडणीत जास्त असते. नागमोडीच्या प्रत्येक टोकावर गोंदाची एक बारीक रेघ. ती सुटली की बोर्ड म्हणजे नुसता तीन कागदांचा गठ्ठा. सुरुवातीला सोडियम सिलिकेट वापरायचे. १९३० च्या दशकात स्टार्चची एक हुशार पद्धत आली, तिला आजही स्टीन-हॉल पद्धत म्हणतात. तिच्यात थोडा स्टार्च आधी शिजवून घेतात आणि त्या लगद्यात बाकीचा कच्चा स्टार्च तरंगत ठेवतात. कॉस्टिक सोड्यामुळे कच्चा स्टार्च कमी तापमानाला फुलतो, बोरॅक्समुळे चिकटपणा वाढतो. मिश्रण मशिनमध्ये पातळ राहतं आणि गरम रोलरखाली कागद आला की जागच्या जागी शिजतं. म्हणजे खळ आधी शिजवून लावायच्या ऐवजी लावून झाल्यावर शिजवायची! वाळण्याच्या वेळेची अडचण यामुळे सुटली. पाण्याची नाही.

दुसरा मोठा बदल कृत्रिम रेझिनचा. १९१२ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ क्लाटने पॉलिव्हिनाइल ॲसिटेट तयार करण्याची पद्धत शोधली. पाण्यात तरंगणारे त्याचे सूक्ष्म कण म्हणजे आपला पांढरा ग्लू. पाणी कागदात किंवा लाकडात शोषलं जातं, कण एकमेकांत विरघळल्यासारखे जुळतात आणि पारदर्शक थर तयार होतो. म्हणूनच दोन काचा फेविकॉलने नीट चिकटत नाहीत. किमान एक बाजू पाणी शोषणारी लागते. १९५९ मध्ये बळवंत पारेख यांनी मुंबईत फेविकॉल बाजारात आणलं ते सुतारांच्या सरसाला पर्याय म्हणून. गरम करायला नको, वास नाही. आपण हा इतिहास हत्तींच्या चित्रासाठी आणि जाहिरातींसाठी लक्षात ठेवतो, पण पॅकेजिंगच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की चिकटद्रव्य पहिल्यांदाच शेत-जंगल-खाटीकखाना सोडून पेट्रोकेमिकल कारखान्यातून यायला लागलं. पांढरा ग्लू हासुद्धा एक पॉलिमर आहे. ‘प्लास्टिकऐवजी ग्लू’ असं वाक्य ऐकलं की हे आठवायला हवं.

त्यानंतर हॉटमेल्ट आला : गरम असताना द्रव, गार झाला की घट्ट. यात पाणीच नाही, त्यामुळे वाळण्याची वाट बघायची नाही. काही सेकंदांत खोक्याची पाकळी बंद. बिस्किटांच्या आणि साबणाच्या कारखान्यातल्या मशिनचा वेग या एका गोष्टीमुळे वाढला.

एवढं सगळं असताना प्लास्टिक आलंच कशाला? इथे मला नेहमीच्या मांडणीशी थोडा वाद घालायचा आहे. ‘कागद-गोंदाचं जुनं जग आणि त्याला हटवणारं प्लास्टिकचं नवं जग’ असं चित्र आपण रंगवतो. प्रत्यक्षात प्लास्टिकला आत आणण्यात चिकटद्रव्यांचा मोठा हात आहे. १९२५ मध्ये थ्रीएमच्या रिचर्ड ड्रूने मास्किंग टेप केली आणि १९३० मध्ये सेलोफेनची पारदर्शक टेप. सेलोफेन हे लाकडाच्या सेल्युलोजपासून केलेलं, पण एकदा ‘नुसतं दाबलं की चिकटणारी पट्टी’ हाताशी आल्यावर पट्टी कशाची हा प्रश्न फक्त किमतीचा उरला, आणि पुढे बीओपीपी म्हणजे ताणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या फिल्मने सेलोफेनची जागा घेतली. पाणी लावायची कागदी टेप मागे पडली.

त्याहून मोठी गोष्ट लॅमिनेशनची. चिप्सचं, मसाल्याचं, शाम्पूचं पाकीट हातात घ्या. छपाई होणारा एक थर, हवा आणि उजेड अडवणारा दुसरा, उष्णतेने बंद होणारा तिसरा. हे थर बऱ्याचदा पॉलियुरेथेन चिकटद्रव्याने जोडलेले असतात, तेही काही मायक्रॉन जाडीच्या थराने. जोडणी इतकी पक्की की पुन्हा वेगळे करता येत नाहीत. भंगारवाला दुधाची पिशवी घेतो, हे पाकीट घेत नाही, त्याचं कारण प्लास्टिकइतकंच त्यामधला ग्लू आहे. औद्योगिक चिकटद्रव्यांनी प्लास्टिक कमी करता येईल का, असं विचारताना त्याच चिकटद्रव्यांनी प्लास्टिक अ-पुनर्वापरयोग्य केलं, हेही त्याच पानावर लिहायला पाहिजे.

महाराष्ट्रात कायद्याची बाजू २००५ च्या पुरापासून धरायची पद्धत आहे. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, तुंबलेल्या नाल्यांत पिशव्या सापडल्या, आणि पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. २३ मार्च २०१८ ला राज्याने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिने कैद. पण तिच्यातली सूट वाचणं जास्त शिकवून जातं. दुधाची पिशवी चालू राहिली, ५० मायक्रॉनपेक्षा जाड हवी आणि परत घेताना किमान ५० पैसे द्यायचे. उत्पादनाच्या जागीच वस्तूला घातलेलं वेष्टन वेगळ्या नियमात गेलं. म्हणजे जिथे प्लास्टिक केवळ धरत किंवा बांधत होतं तिथे बंदी टिकली. जिथे ते अडवत होतं, पाणी, हवा, जंतू, तिथे सरकारला सवलत द्यावी लागली. अधिसूचनेत असा सिद्धांत कुठे लिहिलेला नाही. अपवादांची यादी शेजारी ठेवली की तो दिसतो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी मूळ राजपत्रं वाचावीत असं मी म्हणतो ते यासाठी. बातमीत बंदी असते, अपवाद राजपत्रात असतात.

आता ‘धरण्या’च्या कामात गोंद प्लास्टिकला खरंच हटवतो याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. बिअरचे सहा कॅन एकत्र ठेवायला प्लास्टिकच्या कड्या किंवा श्रिंक फिल्म लागायची. सप्टेंबर २०१८ मध्ये कार्ल्सबर्गने कॅन एकमेकांना थेट गोंदाच्या ठिपक्यांनी जोडायची पद्धत जाहीर केली. जर्मनीच्या केएचएस कंपनीच्या मदतीने. प्लास्टिक ७६ टक्क्यांपर्यंत कमी, वर्षाला १,२०० टनांहून जास्त बचत, असा कंपनीचा दावा होता. वर धरायला एक पट्टी तेवढी राहिली.

यातलं विज्ञान मजेदार आहे. गोंद ट्रकच्या हादऱ्यांत सुटता कामा नये, पण गिऱ्हाइकाच्या हाताने पिळल्यावर सुटलाच पाहिजे, आणि कॅनवर डाग राहता कामा नये. हे जमतं कारण गोंदाची जोडणी सगळ्या दिशांना सारखी घट्ट नसते. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकवायला गेलात तर सगळा ठिपका एकाच वेळी विरोध करतो. कोपऱ्यातून उचकटलं किंवा पिळलं तर सगळा ताण एका कडेवर येतो आणि फट पुढे पळत जाते. पोत्यांच्या किंवा खोक्यांच्या थप्पीवर स्ट्रेच फिल्म गुंडाळण्याऐवजी थरांमध्ये गोंदाचे ठिपके द्यायची पद्धत याच गुणावर चालते : आडवं सरकणार नाही, वर उचललं की सुटेल.

मग हा ७६ टक्क्यांचा आकडा आपल्याकडे आणता येईल का? तसा नाही. आपल्याकडे बराच माल अजून हमालांच्या पाठीवरून सुटा चढतो-उतरतो. जिथे पॅलेटच नाही तिथे पॅलेटवरची फिल्म वाचवणार कुठून? मुंबई-आग्रा महामार्गावर मे महिन्यात उभ्या असलेल्या बंद ट्रकच्या आत हॉटमेल्ट मऊ पडू शकतो, आणि गार कॅनवर पावसाळ्यात धरलेलं पाणी ठिपक्याला पृष्ठभागापर्यंत पोहोचूच देत नाही. प्रत्येक तुलना करताना ‘किती ग्रॅम प्लास्टिक’ हे न मोजता ‘एक किलो माल धडधाकट पोहोचवायला एकूण किती सामान’ हे मोजायचं असतं. जीवनचक्र विश्लेषणात याला कार्यात्मक एकक म्हणतात. ते चुकीचं निवडलं की पुढची सगळी आकडेमोड बरोबर असूनही निष्कर्ष उलटा निघतो.

हे सगळं नाशिकमध्ये एका पेटीत बघता येतं. निर्यातीची द्राक्षं कोरुगेटेड पेटीत जातात. आत पॉलिथिनचं लायनर, बुरशी रोखायला हळूहळू सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद, आणि द्राक्षं पाऊचमध्ये किंवा अर्धा किलोच्या प्लास्टिकच्या डब्यांत, म्हणजे पनेटमध्ये. प्री-कूलिंगनंतर पेटी शून्याच्या आसपास तापमानात आणि नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रतेत राहते, मग न्हावाशेवाहून कंटेनरने युरोपात. आता खळीची ती जुनी तक्रार आठवा. दमट थंडीत कागद ओलावा पितो, स्टार्चची रेघ सैल होते, आणि थप्पीतली खालची पेटी बसते. त्यासाठी स्टार्चमध्ये पाणी सोसणारं रेझिन मिसळावं लागतं. आणि आतलं लायनर? ते द्राक्षाचं पाणी द्राक्षातच ठेवायला आहे. ते काढलं तर देठ सुकतो, आणि तपकिरी देठाचा घड परदेशी दुकानदार घेत नाही. लायनर अडवतं, पनेट धरतं. गोंदाचा दावा पनेटवर आहे, लायनरवर नाही.

कांद्याच्या गोणीशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होतं. कांद्याला हवा लागते. तिथे तागाची जागा प्लास्टिकच्या जाळीने घेतली ती स्वस्त म्हणून. गोंदाला तिथे शिरायला जागाच नाही. परत जायचं तर तागाकडेच जावं लागेल.

पनेटचा प्रश्न आता केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही. युरोपीय संघाचं पॅकेजिंगविषयीचं नवं नियमन (२०२५/४०) फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आलं. त्यानुसार १ जानेवारी २०३० पासून दीड किलोपेक्षा कमी ताजी फळं-भाज्या एकल-वापर प्लास्टिकमध्ये बांधून विकायला मनाई आहे. फळातलं पाणी उडून जाणं, बुरशी, धक्के अशा कारणांसाठी सदस्य देशांना सूट देता येते. म्हणजे पुन्हा तेच : अडवण्याच्या कामाला सूट, धरण्याच्या कामाला नाही. अर्धा किलोचं पनेट थेट या नियमाच्या तोंडावर येतं. फ्रान्सने असा नियम २०२२ पासूनच, बरेच अपवाद ठेवून, सुरू केला होता.

पर्याय म्हणून पुठ्ठ्याचे पनेट आहेतच. त्यांचे कोपरे गोंदाने किंवा खाचेत अडकवून जोडतात. पण सुपरमार्केटच्या शेल्फवर दोन दिवस टिकणारा कोपरा आणि न्हावाशेवा ते रॉटरडॅम असा काही आठवड्यांचा ओला प्रवास करून वर उघडल्यावर घामेजणारा कोपरा यांत फार अंतर आहे. कृत्रिम रेझिनने तो पक्का करता येईल. मग पुठ्ठा रद्दीत लगदा होताना तो रेझिन आड येतो का, हे बघावं लागेल. स्टार्चच वापरायचा तर त्याचे रेणू एकमेकांना बांधून पाणी सोसणारे करायचे, पण फळाशेजारी चालतील अशाच रसायनांनी, म्हणजे फॉर्मल्डिहाइडवाली जुनी कृती बाद. शिवाय त्या डब्यात सल्फर डायऑक्साइड फिरत असतो, तो ओलाव्यात आम्ल होतो, आणि आम्लाचा स्टार्चवर परिणाम होतो. या तीन अटी एकत्र घेऊन, शून्य अंश आणि नव्वद टक्के आर्द्रतेत, हादरे देत तपासणं हे एका प्रबंधाएवढं काम आहे. त्यासाठी महागडी यंत्रं लागतात असंही नाही. आर्द्रता राखणारी पेटी, ताण मोजायचं यंत्र आणि द्राक्षं. मुंबईची भारतीय पॅकेजिंग संस्था १९६६ पासून आहे, आणि पिंपळगाव-दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये जानेवारी ते एप्रिल नमुन्यांची कमतरता नसते. हंगाम मात्र वर्षातून एकदाच येतो. २०३० च्या आधी असे हंगाम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, त्यामुळे ज्याला हा विषय घ्यायचा त्याने पावसाळ्यातच गोंद शिजवायला घ्यावा.